कासमभाईंनी बसवलेलं इंजिन

कासमभाई मिस्त्रींचा डावा कान पूर्ण गेलेला होता आणि उजव्या कानाला जेमतेम ऐकू येई. पहिल्या महायुद्धात ते लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करायला इराकातल्या बसऱ्याला गेले होते. तिथं एकदा दारूगोळ्याचा साठा जवळच उडाला. माणूस वाचला, कान तिथंच राहिले. परत आल्यावर त्यांनी नाशिकला आग्रा रोडच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि मोटारींची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लोक नक्कीच हसले असतील. ज्याला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही तो मिस्त्री कसला?

पण त्यांच्याजवळ हातभर लांबीची एक सागाची काठी होती. तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत घट्ट धरायचं आणि डोळे मिटायचे. आवाज दातांतून थेट डोक्यात शिरतो, असं ते म्हणत. मिनिटभर तसे उभे राहिले की काठी काढून सांगत, "तीन नंबरचं बेअरिंग. बाकी तब्येत चांगली हाय." आणि उघडून पाहावं तर तीन नंबरचंच बेअरिंग निघे.

मी तेव्हा एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो आणि त्यांच्या शेडमागच्या चाळीत राहत होतो. तीस सालानंतरची ती वर्षं. आमची ओळख झाली ती इंग्रजीमुळे. कासमभाईंना इंग्रजी वाचता येत नसे, आणि मोटारींची सगळी पुस्तकं इंग्रजीत. संध्याकाळी शाळेतून परतताना ते मला हाक मारत. मी ओट्यावर बसून वाचायचो, अर्थ सांगायचो, आणि त्यातलं निम्मं मला स्वतःलाच कळलेलं नसायचं. ते मात्र मान डोलावत ऐकत आणि मध्येच म्हणत, "हे तो लिहिणारा चुकलाय मास्तर. त्यानं हे खोलून बघितलेलं नाय."

शेडमध्ये आत शिरलं की आधी दिसत ती ताटं. पितळेची जुनी, चेपलेली ताटं. तांबट आळीतून मोडीच्या भावानं आणलेली. एका गाडीचे नटबोल्ट एका ताटात. दुसऱ्या गाडीचे दुसऱ्या. ताटाला कोणी हात लावला तर कासमभाई चिडत नसत, पण हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे नुसते बघत राहत, आणि तो माणूस हात काढून घेई.

आणखी एक त्यांचा हट्ट होता. गाडी सुधारून झाली की मालकाला ते एकदा गाडीखाली झोपायला लावत. "वरून सगळेच बघतात साहेब. एकदा खालून बघा, काय काय तुमचा जीव सांभाळतंय ते." गावातले एक नामांकित वकील परीटघडीचं धोतर नेसून गाडी न्यायला आले, तेव्हा त्यांनाही हे चुकलं नाही. गोणपाट अंथरलं, वकीलसाहेब रागानं लाल होऊन खाली सरकले, आणि आतून त्यांचा आवाज आला, "मिस्त्री, हा दांडा कसला?" मग पंधरा मिनिटं आत दोघांचं बोलणं चाललं होतं. वकीलसाहेब बाहेर आले तेव्हा धोतर मळलं होतं, पण मुद्रा शिकवणीतून आलेल्या विद्यार्थ्यासारखी झाली होती.

हे सगळं मी आधीच्या कासमभाईंचं सांगतो आहे. त्यांच्या आयुष्याचे दोन भाग होते, हनीफ असतानाचा आणि हनीफ गेल्यानंतरचा. मला पहिला भाग दोनच वर्षं पाहायला मिळाला.

हनीफ त्यांचा एकुलता मुलगा. बावीस-तेवीस वर्षांचा, सडसडीत, डोक्याला कायम तिरपा रुमाल बांधलेला. नाशिक ते पेठ जाणारी एका मालकाची बस तो चालवत असे. बस म्हणजे काय, अमेरिकन लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी बाकं आणि वर ताडपत्री. पंधरा माणसं बसायची आणि पंचवीस भरायची. संध्याकाळी शेवटची खेप आटोपून हनीफ बस घेऊनच घरी येई. आग्रा रोडवर पिंपळगावकडून येणाऱ्या कांद्याच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असे. त्या सगळ्यांच्या घुंगरांतून आणि चाकांच्या कुरकुरीतून त्याच्या बसचा जाड, घोगरा आवाज लांबून ओळखू यायचा. त्याची आई, आमिनाबी, त्या आवाजावर चूल पेटवायची. बापाला तो आवाज ऐकू येत नसे. बायकोनं फुंकणी उचललेली पाहिली की त्यांना कळे, पोरगा आला.

एका उन्हाळ्यात ती बस पेठच्या घाटात उतरताना थांबेना. ब्रेक लागलेच नाहीत. डाव्या हाताला दरी होती. हनीफनं बस उजवीकडे कापली आणि कड्याला घासत नेली. घासत घासत ती थांबली. एकोणीस माणसं होती आत. कोणाचा हात मोडला, कोणाचं डोकं फुटलं, पण सगळी जगली. कड्याच्या बाजूला चालकच बसतो. हनीफ जागीच गेला.

माती दिल्यानंतर चाळिसाव्या दिवसापर्यंत शेड बंद होती. मग एका सकाळी पत्र्याचं दार उघडलं, आणि दुपारी बैलगाडीतून एक इंजिन आलं. मालकानं मोडकी बस भंगारात काढली होती. तिचा पुढचा उजवा भाग चेचला गेला होता, पण इंजिन शाबूत होतं. कासमभाईंनी ते विकत घेऊन आणलं, शेडच्या कोपऱ्यात दोन ओंडक्यांवर ठेवलं, तेल लावलं आणि गोणपाटानं झाकून टाकलं. पुढं दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. इंजिन मागायला लोक आले. कासमभाई मान हलवत आणि दुसरं बोलायला लागत.

ते कामाला लागले, पण त्यांच्यात एक बदल झाला. गाडी कधी मिळेल, हे ते कोणाला सांगेनासे झाले. टायर अजून किती चालेल, पट्टा किती महिने टिकेल, कोणी काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "सांगता येत नाय." गिऱ्हाइकं वैतागत. माणूस हरवल्यासारखा झाला, असं लोक म्हणत. मीही तसंच समजत होतो. काही गिऱ्हाइकं तुटली. राहिली त्यांत डॉक्टर रूथबाई होत्या.

रूथबाई शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या. बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. वय चाळिशीच्या आसपास, पांढरं लुगडं, पायात पुरुषी बूट. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात फार हलका, असं त्यांच्याकडे बाळंत झालेल्या बायका सांगत. त्यांच्याकडे एक लाल रंगाची शर्यतीची मोटार होती. दोनच माणसं बसतील अशी, शेपटाकडे होडीसारखी निमुळती झालेली, जमिनीला लागून चालणारी. कोण्या संस्थानिकाच्या पुतण्यानं विलायतेहून मागवली होती. तो परदेशी निघाला तेव्हा आपल्या बायकोच्या बाळंतपणाची आठवण ठेवून ती दवाखान्याला देऊन गेला. दवाखान्याला ती नको होती. बाई म्हणाल्या, मला चालेल. दिंडोरी, पेठ, जिथून बोलावणं येईल तिथं त्या लाल होडीतून जात. मागच्या निमुळत्या भागात औषधांची पेटी बरोबर बसायची.

त्या गाडीचं इंजिन नाजूक होतं. पळायला उत्तम, चढायला कुरकुरायचं. एकदा घाटात ते तापलं. बरोबरच्या माणसानं घाईघाईनं ओढ्याचं थंड पाणी ओतलं आणि ओतीव लोखंडाला तडा गेला. कासमभाईंनी तो तडा तांब्याच्या खिळ्यांनी टाके घालावेत तसा शिवला. महिनाभर टिकला, पुन्हा गळायला लागला. दुसऱ्यांदा शिवला, आठवड्यात गळाला. मी कंपनीला पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं की तसली इंजिनं आता बनत नाहीत. लाल गाडी शेडबाहेर लिंबाखाली उभी राहिली आणि बाई पुन्हा टांग्यानं जाऊ लागल्या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी दहाचा सुमार असेल, रविवार होता. मी ओट्यावर बसलो होतो. रूथबाई टांग्यातून उतरल्या. लुगड्याला धुळीचा लाल थर बसलेला. त्या सरळ आत आल्या आणि एका पालथ्या खोक्यावर बसल्या.

"कासमभाई, ती गाडी विकून टाका," त्या म्हणाल्या. "भंगारात द्या. मला रोज ती तिथं उभी दिसायला नको."

"काय झालं बाई?"

"परवा पेठकडच्या एका पाड्यावरून माणूस चालत आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. टांगा सकाळी निघाला, एक घोडा घाटाखाली बसला. मी पोचले तेव्हा दुपार टळली होती." बाईंनी लुगड्यावरची धूळ झटकली. "मूल जगलं. ती गेली. माझा हात लागायच्या आधी अर्धा तास गेली. अंग गरम होतं."

कासमभाई उभेच होते. हातात पाना होता. त्यांना सगळं ऐकू गेलं की नाही, मला शंका होती. ते लोकांच्या ओठांकडे बघून बरंच समजून घेत.

"त्या माणसानं मला दोष दिला नाही," बाई म्हणाल्या. "तो म्हणाला, बाय, तू लई लांबून आलीस. आणि मला पाणी दिलं."

त्या उठल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी शेडमध्ये डोकावलो, तर कोपऱ्यातलं गोणपाट निघालं होतं. ते दोरीनं इंजिनाची लांबी मोजत होते, मग बाहेर येऊन लाल गाडीच्या पुढच्या भागाची.

"बसेल का?" मी विचारलं.

"चार बोटं लांब हाय. वजन दुप्पट. तोंड जुळत नाय." त्यांनी दोरी गुंडाळली. "बसवायला पायजे, मास्तर."

त्या कामाला दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ लागला. लाल गाडीच्या जुन्या इंजिनाची जागा लहान होती. चालकाच्या पायापुढचा पत्रा कापून मागं घेतला, रेडिएटर पुढं सरकवला. तेलाची टाकी पुढच्या आसाला घासत होती, ती कापून दुसऱ्या आकारात जोडली. जड इंजिनानं गाडीचं नाक खाली जाऊ नये म्हणून पुढच्या स्प्रिंगांना एकेक पान वाढवलं. पण खरी अडचण होती ती जोडाची. लॉरीचं इंजिन आणि विलायती गाडीचा गिअरबॉक्स. दोघांची तोंडं वेगळी, बोल्टांची भोकं वेगळी. मध्ये एक जाड कडं हवं होतं, एका बाजूनं याला जुळेल आणि दुसऱ्या बाजूनं त्याला.

इथं माझी गरज लागली. दोन्ही तोंडांवर काजळी फासून मी कागदावर ठसे घेतले, मधला बिंदू काढला, आणि तीन रविवार बसून आराखडा केला. मग आम्ही तो घेऊन गणपत ओतारी यांच्याकडे गेलो. गणपतराव देवळांच्या घंटा ओतत.

"मी घंटा करतो कासमभाई," त्यांनी आराखडा उलटा धरून पाहिला. "मोटारीतलं मला काय कळतंय?"

"घंटाच समज. फक्त तिनं वाजायचं नाय."

गणपतराव हसले आणि काम घेतलं. पहिलं कडं ओतून आलं तेव्हा एकही भोक जुळेना, सगळी सूतभर आत. मी माझा आराखडा पुन्हा पुन्हा मोजला. गणपतराव ओशाळून म्हणाले, "मास्तर, धातू निवला की आकसतो. तुम्ही कागदावर निवलेलं माप काढलं. मला वाटलं तुम्ही वाढवूनच काढलं असंल." चूक माझी होती. कासमभाईंना मी तसं सांगितलं. त्यांनी ते वाया गेलेलं कडं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "दुसरं ओता," एवढंच म्हणाले. दुसरं जुळलं.

इंजिन गाडीत उतरवलं त्या दिवशी मी आमिनाबींना शेडच्या मागच्या दारात पाहिलं. घराचं दार तिकडेच उघडायचं. इंजिन कोणतं, कशासाठी, हे कासमभाईंनी त्यांना सांगितलं होतं का, मला माहीत नाही. त्या बराच वेळ उभ्या होत्या.

पहिल्यांदा ते सुरू केलं ते एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला. मी शाळेतून लवकर आलो होतो. कासमभाईंनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि शेडचे पत्रे थरथरले. तोच जाड, घोगरा आवाज. दोन वर्षांहून जास्त काळ मी तो ऐकला नव्हता. कासमभाई काठी दातांत धरून वाकले होते, डोळे मिटलेले. नेहमी मिनिटभरात ते काठी काढत. त्या दिवशी ती काढली नाही. मी पाहिलं, त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काठीवरून खाली इंजिनावर पडत होतं. तिथं त्याची वाफ होत होती.

घरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी मागच्या दाराकडे गेलो. आमिनाबी चुलीपुढं बसल्या होत्या. हातात फुंकणी होती. पायाशी पाण्याचा तांब्या सांडलेला. चूल पेटलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि हातानंच जळती लाकडं बाहेर ओढून त्यांच्यावर उरलेलं पाणी ओतलं.

मी परत आलो आणि कासमभाईंच्या खांद्याला हात लावला. घराकडे बोट केलं. ते आत गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी इंजिन बंद केलं.

त्यानंतर गाडी तयार असूनही त्यांनी आणखी एक महिना ती सोडली नाही. रूथबाईंचे दोन निरोप आले. कासमभाई रोज धुराच्या नळकांड्याशी बसलेले. गणपतरावांच्या शेजारच्या तांबटाकडून त्यांनी तांब्याची लांबट पेटी करून घेतली, आत पत्र्याचे आडवे पडदे घातले, भोकं पाडली. लावून बघत, इंजिन क्षणभर सुरू करत, मला विचारत, "आता?"

"आवाज अजून तसाच आहे."

पुन्हा खोलत. पडदे बदलत, लांबी वाढवत. त्यांना स्वतःला तो आवाज ऐकू येत नव्हता. माझ्या कानांवर त्यांचं काम चाललं होतं. दिवसा आमिनाबी घरात असताना ते इंजिन चालू करत नसत. त्या बाजारात गेल्या की मला हाक मारत. एके दिवशी सुरू केलं तेव्हा नुसता एक मऊ घुमणारा सूर आला, मोठ्या भांड्यात दूध तापायला लागावं तसा.

"आता?"

"आता कोणी ओळखणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ते आनंदले असं मला वाटलं नाही.

गाडी देण्याआधी घाटात पाहायची होती. त्यांनी मला बरोबर चलायला सांगितलं. त्या घाटात ते हनीफ गेल्यावर एकदाही गेले नव्हते. भल्या सकाळी निघालो. गाडी आता पूर्वीसारखी उडत नव्हती, पण चढाला अशी लागायची की जणू कोणी पुढून दोर लावून ओढतं आहे. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी गाडी उभी केली, चारी चाकांचे ब्रेक हातानं तपासले, आणि उतरायला सुरुवात केली. मध्ये एका वळणावर ते थांबले. उजवीकडच्या कड्यावर अजून एक लांब पांढरट ओरखडा होता.

कासमभाई खाली उतरले. चाकाला दगड लावला. कड्याजवळ गेले नाहीत. गाडीला टेकून उभे राहिले.

"मास्तर, तीन दिवस आधी बस माझ्याकडं आलती," ते म्हणाले. "ब्रेकचे लायनर, चाक धरतात ते पट्टे, घासून कागदासारखे झालते. मी मालकाला बोललो, बदलायला पायजे. तो बोलला, लगीनसराई हाय, एक खेप बुडवता येत नाय. आठ दिवस चालंल का? मी तारा आवळल्या. आणि बोललो, चालंल आठ दिवस."

मी म्हणालो, "मालकानं घाई केली, तुम्ही काय करणार?"

"मालकाचं जाऊ द्या. हनीफ तिथंच उभा होता. मालकाकडं नाय, माझ्या तोंडाकडं बघत होता. मी चालंल बोललो, म्हणून तो बसला गाडीत."

"तुम्हाला काय ठाऊक होतं असं होईल?"

"ठाऊक होतं," कासमभाई म्हणाले. "मिस्त्रीला ठाऊक असतंय."

लोक त्यांना हरवलेला माणूस म्हणत, आणि मीही म्हणत होतो, त्याची मला लाज वाटली. थोड्या वेळानं त्यांनी दगड काढला आणि आम्ही खाली उतरलो. ब्रेक लागले. तळाशी गाडी उभी करून त्यांनी चारही चाकं काढली, लायनर हातात घेऊन बोटांनी चाचपले आणि परत बसवले. दुसऱ्या दिवशी गाडी रूथबाईंना दिली. त्यांना गाडीखाली झोपवलं नाही. बाईंनीच विचारलं, "मी खालून बघायचं नाही का?" तर म्हणाले, "तुम्ही नका बघू बाई. मी बघत जाईन."

आणि ते बघत राहिले. पुढली चार वर्षं दर शनिवारी सकाळी लाल गाडी शेडमध्ये यायची. काही बिघडलेलं असो वा नसो, कासमभाई ब्रेक खोलत. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि बाईंनी एकदा देऊ केल्यावर पुन्हा विषय काढला नाही. इंजिन कुठून आलं, हे बाईंना कोणीतरी सांगितलं होतं. त्या कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. फक्त कुठून जाऊन आल्या की शेडपाशी गाडी हळू करून सांगत. "दिंडोरीला गेले होते. मुलगी झाली." "पेठच्या पुढं. जुळी. दोन्ही बरी आहेत." कासमभाई त्यांच्या ओठांकडे बघत आणि एकदा मान हलवत. आमिनाबी गाडी आली की घरात निघून जात. चार वर्षांत त्या तिच्याजवळ आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

मग रूथबाईंची बदली झाली. मध्य प्रांतातल्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांना बोलावलं होतं. त्या पुढं गेल्या आणि गाडी रेल्वेनं पाठवायची ठरली. पाठवायचं काम कासमभाईंनी अंगावर घेतलं. फॉर्म इंग्रजीत असतो म्हणून मला बरोबर नेलं.

नाशिक रोडला मालधक्क्यावर आम्ही दुपारी पोचलो. कासमभाईंनी गाडी फळीवरून वॅगनमध्ये चढवली, चाकांपुढं ठोकळे मारले, दोर बांधले. रेल्वेच्या नियमाप्रमाणे पेट्रोल पूर्ण काढावं लागे. त्यांनी नळी लावून टाकी रिकामी केली. कार्ब्युरेटरही उघडून कोरडा केला. डबा कारकुनाच्या माणसानं नेला.

मी फॉर्म भरायला बसलो होतो. तेवढ्यात धक्क्याच्या टोकाला एक टांगा थांबला आणि त्यातून बुरखा घेतलेली एक बाई उतरली. जवळ येऊन त्यांनी तोंडावरचा पडदा वर केला तेव्हा मला कळलं, आमिनाबी होत्या. गावापासून सहा मैल एकट्या आल्या होत्या.

कासमभाई वॅगनमधून खाली उतरले. दोघं समोरासमोर उभी राहिली.

"एकदा चालू करा," आमिनाबी म्हणाल्या. "ती तांब्याची पेटी काढा आणि चालू करा. पहिल्यासारखं."

कासमभाईंना ते ऐकू गेलं होतं. तरी ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणखी काही येईल म्हणून. मग म्हणाले, "पेट्रोल नाय. आत्ताच काढलं. थेंब नाय राहिला."

मी कारकुनाकडे धावलो. त्याला सगळं सांगणं शक्य नव्हतं. वाटीभर पेट्रोल परत द्या, म्हणालो. तो म्हणाला, डबा साहेबांच्या खोलीत कुलपात गेला, आणि भरल्या वॅगनमध्ये इंजिन चालवू दिलं तर माझी नोकरी जाईल. माणूस वाईट नव्हता. मी परत फिरलो.

आमिनाबी फळीवरून वॅगनमध्ये चढल्या होत्या. आत अंधुक उजेड होता, लाल रंग काळसर दिसत होता. त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला होता. कासमभाईंनी गाडीच्या तोंडाशी जाऊन हँडल लावलं आणि दोन्ही हातांनी फिरवलं.

इंजिन पेटणार नव्हतंच. पण फिरवलं की आतले दट्टे वरखाली होत आणि हवा ओढून बाहेर टाकत. एक मोठा, दमदार उसासा येई. मग दुसरा. कासमभाईंचं वय तेव्हा साठीला आलं असेल. जड इंजिन, नुसत्या हातानं फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला त्यांचा खांदा वर जाई आणि खाली येई. आमिनाबी बॉनेटवर कान टेकवून उभ्या होत्या. त्यांचे डोळे उघडे होते.

कारकून कागद घेऊन आला आणि दारात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हातानं थांबवलं. तो कागद छातीशी धरून उभा राहिला.

आमिनाबी बस म्हणाल्या नाहीत, आणि कासमभाई थांबले नाहीत.

जूनमध्ये माझी धुळ्याला बदली झाली. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं. दोघं कोणाकडे गावाला गेली होती. त्यामुळे कासमभाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या वॅगनमध्ये, पाठमोरं, घामानं सदरा अंगाला चिकटलेला, आणि हँडलला एकामागून एक फेरे देत असलेलं.